नोंदबाईंचं शून्य

संस्थेत त्यांना सगळे नोंदबाई म्हणत. खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हजेरीपटही त्याच लिहीत असल्यामुळे ते वाचण्याची वेळ दुसऱ्या कुणावर येत नसे. संस्था लहानशी. एका दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर चार खोल्या. काम मात्र मोठं. इंटरनेटवर ज्या मुलांना कुणी धमकावतं, फसवतं, ज्यांचे फोटो पसरवतं, त्यांचं ऐकून घ्यायचं आणि त्यांना त्यातून बाहेर काढायचं. दोन खोल्यांत फोनवर बोलणाऱ्या ताया, तिसरीत संगणकवाला आणि चौथीत एक लांब टेबल. त्या टेबलाभोवती दर दोन महिन्यांनी सात विश्वस्त बसत, आणि टोकाच्या खुर्चीत वही उघडून नोंदबाई.

बैठकीत कोण काय बोललं आणि काय ठरलं ते लिहायचं, म्हणजे इतिवृत्त. इतर ठिकाणी ते छापून वाटतात, कुणी वाचत नाही आणि सगळे सह्या ठोकतात. इथे ती सोय नव्हती. ज्या बाईंनी संस्था काढली त्यांनी नियमच घालून ठेवला होता. मागच्या बैठकीचं इतिवृत्त ज्याने लिहिलं त्याने उभं राहून, मोठ्याने, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचं. मग अध्यक्षांनी विचारायचं, "काही दुरुस्ती?" असेल तर ती तिथल्या तिथे लिहायची आणि इतिवृत्त पुढच्या बैठकीत दुरुस्तीसह पुन्हा वाचायचं. नसेल तर प्रत्येकाने "मान्य" म्हणायचं, आणि मग ते संस्थेच्या वेबसाइटवर टाकायचं, ज्याला वाटेल त्याने वाचावं म्हणून. लिहिताना माणूस काहीही लिहून जातो, वाचताना जीभ अडखळते, असं त्या बाईंचं म्हणणं होतं. बाई गेल्या, नियम राहिला. विश्वस्तांतले वकीलसाहेब दर वेळी वाचन सुरू झालं की घड्याळाकडे बघत, पण नियम मोडायची त्यांचीही छाती नव्हती.

चारचौघांत अडखळायला नको म्हणून नोंदबाई आदल्या दिवशी घरी तालीम करत. ओट्याला टेकून खणखणीत आवाजात वाचत. लेक तेव्हा सहा-सात वर्षांची होती. लाडाने तिला सगळे ठकू म्हणत. ठकू जेवणाच्या टेबलाशी मोठ्या खुर्चीत दोन उशा घेऊन बसे आणि अध्यक्ष होई. "काही दुरुस्ती?" असं विचारून ती स्वतःच हात वर करी. "आहे. आईने काल मला सगळं दूध संपवायला लावलं, ते यात लिहिलेलं नाही." नोंदबाई खरोखरच पेन्सिलीने समासात तसं लिहीत. मग ठकू दोन्ही हात उंच करून "मान्य!" म्हणे आणि बैठक संपे.

ही ठकू आता एकवीस वर्षांची आहे, दुसऱ्या शहरात नोकरी करते, आणि आईशी बोलत नाही. कडाडून भांडली असती तर नोंदबाईंना बरं वाटलं असतं. तसं काहीच झालं नव्हतं. मेसेज पाठवला की उत्तर येई. "ठीक." "हो." "बघते." फोन करी तो वडिलांना, रविवारी सकाळी. वडील चष्म्याच्या दुकानात भिंगं घासायचं काम करणारे, मोजकं बोलणारे. ते फोन घेऊन गॅलरीत जात. नोंदबाई नेमक्या तेव्हाच ओल्या कपड्यांची बादली घेऊन गॅलरीच्या दाराशी उभ्या राहत. शब्द कळत नसत. नुसता आवाज येई, बारीक, थोडा बसका, मधेच हसणारा. तेवढ्या आवाजावर त्या आठवडा काढत. शेवटी नवरा विचारी, "आईला देऊ?" मग थोडं ऐकून म्हणे, "बरं बरं, राहू दे." आणि नोंदबाई कपडे झटकून वाळत घालायला लागत.

तीन वर्षं हे असंच चाललं होतं. त्यांना लेकीकडून फार काही नको होतं. तिने एकदा आपल्या तोंडाने "आई" म्हणावं आणि ते आपण आपल्या कानांनी ऐकावं, बस्स. पण हे मागायचं तरी कसं? मेसेज करून? त्याचं उत्तरही "बघते" असंच आलं असतं.

कारण काय ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. अठरा वर्षं दुसऱ्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या या बाईने ती एक गोष्ट कुठल्याच वहीत लिहिली नव्हती.

ठकू सोळा वर्षांची होती तेव्हाची ती दुपार. तिला ताप होता आणि नोंदबाईंनी रजा घेतली होती. रोज संस्थेत पोरांवर काय काय बेतलेलं ऐकून त्यांच्या डोक्यात भीतीने घर केलं होतं, आणि त्यात ठकू दोन महिने गप्प गप्प होती. ती भिंतीकडे तोंड करून झोपली होती. फोन उशाशी होता. नोंदबाईंनी तो उचलला आणि वाचला. गंमत म्हणजे मुलांचे फोन चोरून वाचू नका, त्यांच्याशी बोला, हे सांगणारी संस्थेची पुस्तिका त्यांनी स्वतः तीनदा तपासली होती. फोनमध्ये भिण्यासारखं काही नव्हतं. मैत्रिणीशी केलेली बडबड होती आणि त्यात एक वाक्य होतं. "आईला काही सांगायचं म्हणजे बैठकीत बोलल्यासारखं वाटतं, ती लगेच नोंद करते." ते वाक्य नोंदबाईंच्या काळजात रुतलं ते रुतलंच. चार दिवसांनी ठकूने सरळ विचारलं, "आई, तू माझा फोन वाचलास?"

"छे गं! मी कशाला वाचू?" नोंदबाई म्हणाल्या.

ठकूने पुन्हा विचारलं नाही. त्यानंतर तिने आईला काहीच विचारलं नाही, आणि अठरा पूर्ण होताच बॅग भरली.

आता शून्याची गोष्ट. संस्थेच्या वेबसाइटवर एक चौकट होती. "फोन करायची भीती वाटते? इथे लिही." ज्या मुलांना आवाज फुटत नाही ती तिथे लिहीत. यंदा वेबसाइट नवी केली, रंगबिरंगी, झकपक. महिन्याभराने बैठक आली तेव्हा नोंदबाईंनी आकडे काढले. फोन नेहमीइतके होते. चौकटीतून आलेले संदेश, शून्य.

शून्य बघून त्यांना बरं वाटलं. अशी चूक अशाच ठिकाणची माणसं करू जाणतात. दुकानात दिवसभर गिऱ्हाईक फिरकलं नाही तर मालक कपाळाला हात लावतो. पण जिथे येणारा एकेक संदेश म्हणजे कुणाचं तरी रडणं, तिथे शून्य दिसलं की माणसाला वाटतं, चला, रडणं थांबलं. नोंदबाईंनी बैठकीत आकडा सांगितला, सगळ्यांनी माना डोलावल्या, विश्वस्तांतल्या डॉक्टरीणबाईंनी तर टाळ्या वाजवल्या. इतिवृत्तात ओळ आली. "चौकटीतून एकही तक्रार नाही, ही समाधानाची बाब आहे."

पुढच्या महिन्यातही शून्यच. त्या रविवारी नोंदबाई बादली घेऊन गॅलरीच्या दाराशी उभ्या होत्या. आवाज आला, गेला, "बरं बरं, राहू दे" झालं. कपडे झटकता झटकता त्यांच्या मनात आलं, आपल्या लेकीकडूनही तीन वर्षांत एक तक्रार नाही. मग आपण का नाही म्हणत, समाधानाची बाब आहे? त्यांचा हात दोरीवरच थांबला. कपडे तसेच टाकून त्यांनी वेबसाइट उघडली आणि चौकटीत लिहिलं, "कुणी आहे का?"

सोमवारी सकाळी त्या तायांच्या खोलीत गेल्या. "काल चौकटीतून काही आलं?"

"नाही हो," मोठी ताई म्हणाली. ही तायांमधली सगळ्यात जुनी. "बरेच दिवस शांतता आहे."

नोंदबाई संगणकवाल्याकडे गेल्या. त्याने अर्धा तास खटपट केली आणि त्याचा चेहरा उतरला. नवी वेबसाइट करताना चौकटीतले संदेश एका अशा पेटीत जाऊ लागले होते जी नोकरी सोडून गेलेल्या एका ताईची होती. नऊ आठवडे ती पेटी कुणी उघडलीच नव्हती. आत एकतीस संदेश होते, एकोणतीस मुलांचे. बत्तिसावा नोंदबाईंचा.

दोन दिवस ताया जेवायलाही उठल्या नाहीत. अठ्ठावीस मुलांनी फोन नंबर किंवा मेल दिला होता. सगळ्यांना गाठलं. कुणी रागावलं, कुणी रडलं, एकाने "आता कशाला?" म्हणून फोन ठेवला आणि तासाभराने स्वतःच परत केला. एकोणतिसावी तेवढी राहिली. तिने नावाच्या जागी "एक मुलगी" लिहिलं होतं. नंबर नाही, काही नाही. ती तीनदा लिहून गेली होती. कुणीतरी तिचा एक फोटो वर्गात फिरवायची धमकी देत होतं. तिसरा संदेश एवढाच होता. "तुम्ही खरंच वाचता, की नुसतं इथे लिही म्हणून लिहिलंय?" त्यालाही आता पाच आठवडे झाले होते.

शुक्रवारी तातडीची बैठक लागली. अध्यक्षबाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका, शिस्तीच्या, पण त्या दिवशी चष्मा सारखा काढत-घालत होत्या. तातडी असली तरी नियम तो नियम. आधी मागचं इतिवृत्त. नोंदबाई उभ्या राहिल्या. सगळं नीट वाचलं आणि "समाधानाची बाब" या शब्दांशी येऊन आवाज गेला. घोटभर पाणी पिऊन त्यांनी ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली.

"काही दुरुस्ती?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"आहे," नोंदबाई म्हणाल्या. "माझीच."

सगळ्यांनी वर बघितलं. अठरा वर्षांत वाचण्यापलीकडे आणि आकडे सांगण्यापलीकडे त्यांनी या टेबलाशी तोंड उघडलं नव्हतं. "शून्य आलं तेव्हा मी विचारायला हवं होतं, का आलं. मी विचारलं नाही. वर समाधान लिहिलं. ते खोडून असं लिहावं, की मुलं नऊ आठवडे लिहीत होती आणि आपण वाचलं नाही. आणि हे वेबसाइटवर पहिल्याच पानावर टाकावं."

"अहो, थांबा," वकीलसाहेब म्हणाले. "मुलांना गाठलं ना आपण? झालं तर. तांत्रिक कारणामुळे काही संदेशांना उत्तर द्यायला विलंब झाला, एवढी ओळ पुरे. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?"

"आईबापांचा विचार करायला हवा," अध्यक्षबाई म्हणाल्या. "उद्या म्हणतील, यांच्या भरवशावर पोरं सोडायची का? घाबरून मुलांना आपल्याकडे येऊच दिलं नाही, तर?"

हा प्रश्न खोटा नव्हता. नोंदबाईंनाही तो पटत होता, म्हणूनच पुढचं बोलणं जड गेलं. "एक मुलगी राहिलीय, बाई. तिचा पत्ता नाही. ती पुन्हा कधी आपलं पान उघडेल की नाही, तेही माहीत नाही. उघडलंच तर तिला कळायला हवं, की हे माझ्याबद्दल आहे. तांत्रिक कारण वाचून कुठल्या पोरीला वाटेल, की हे माझ्याबद्दल आहे?"

खाली दवाखान्यात कुणाचं तरी तान्हं बाळ टिपेला लावून रडत होतं.

"लिहा," अध्यक्षबाई शेवटी म्हणाल्या. "चूक कुणाची, तेही लिहा. पण एकट्या तुमची नाही. तुम्ही आकडा सांगितलात, आम्ही माना डोलावल्या." सहा जणांनी मान्य म्हटलं. वकीलसाहेबांनी हाताची घडी घातली. "माझा विरोध नोंदवा."

"नोंदवला," नोंदबाई म्हणाल्या, आणि त्यांचं म्हणणं शब्दाला शब्द लिहून घेतलं. वकीलसाहेबांनी मान वाकडी करून ते तपासून पाहिलं आणि ते पुटपुटले, "लिहिता मात्र चोख."

पहिल्या पानावरचा मजकूर नोंदबाईंनी दुपारी टाइप केला. "तू लिहिलंस आणि आम्ही वाचलं नाही. तुझं काही चुकलं नव्हतं, चूक आमची होती. तू तीनदा विचारलंस. आता कुणीतरी वाचतं आहे. पुन्हा लिही." शेवटच्या ओळीशी त्यांची बोटं थांबली. कुणाच्या कोण त्या पोरीला हे इतकं सोपं करून सांगता आलं. घरच्या पोरीचं नेमकं उलटं होतं. तिने लिहिलं नव्हतं आपल्याला, आणि आपण वाचलं होतं. तिने तर तीनदाही नाही, एकदाच विचारलं होतं.

घरी जाऊन त्यांनी जेवणाच्या टेबलाशी वही उघडली. साधं पत्र लिहायला बसल्या तर कारणं देत सुटल्या, मला भीती वाटत होती, तू गप्प होतीस, आईचं काळीज आहे. चार पानं फाडली. मग ज्या पद्धतीने आयुष्यभर खरं लिहीत आल्या त्याच पद्धतीने लिहिलं, आणि त्या पानाचा फोटो काढून ठकूला पाठवला.

"स्थळ: तुझी खोली. वेळ: गुरुवार, दुपारी सव्वातीन, तुला ताप होता तो. उपस्थित: तू आणि मी. ठकू झोपलेली असताना आईने तिचा फोन उचलला आणि वीस मिनिटं वाचला. चार दिवसांनी ठकूने विचारलं, तेव्हा आईने नाही म्हणून सांगितलं. ते खोटं होतं. कारणं लिहिलेली नाहीत, कारण लिहायला घेतली की सारवासारव होते. चूक आईची."

वाचल्याची खूण लगेच आली. उत्तर आलं नाही. "ठीक" सुद्धा नाही.

रविवारी सकाळी नवऱ्याचा फोन वाजला नाही. दहा झाले, अकरा झाले. नोंदबाई कोरडी बादली घेऊन दाराशी उभ्या. दुरून येणारा तेवढा आवाजही आपण आपल्या हाताने घालवला, या विचाराने त्यांना रडू फुटलं. नवऱ्याने विचारलं, "काय लिहिलंस तिला?" त्यांनी वही पुढे केली. त्याने चष्मा पुसून दोनदा वाचलं. "मलाही नव्हतं सांगितलंस," तो म्हणाला, आणि आत जाऊन त्याने दोघांसाठी चहा टाकला.

तो आठवडा फार लांबला. रोज सकाळी नोंदबाई आधी चौकटीची पेटी उघडत. त्या एकोणतीस मुलांतल्या चौघांनी पुन्हा लिहिलं होतं, काही नवी मुलंही होती. काही आईबापांनी फोन करून चांगलं फैलावर घेतलं, ते त्यांनी निमूट ऐकून घेतलं. "एक मुलगी" मात्र आली नाही. कदाचित तिचं सगळं सुरळीत झालं असेल. कदाचित नसेल. नोंदबाई आता शून्याचा अर्थ लावत नव्हत्या. पेटी बंद करत आणि दुपारी पुन्हा उघडत.

पुढच्या रविवारी सव्वानऊला फोन वाजला. नवऱ्याने घेतला, ऐकलं, आणि गॅलरीत जायच्या ऐवजी उलटा आत आला. "तुला मागतेय," तो म्हणाला.

नोंदबाईंनी ओले हात पदराला पुसले, पुन्हा पुसले, आणि फोन कानाला लावला.

"आई," ठकू म्हणाली.

आवाज जवळून वेगळाच होता, मोठ्या बाईचा.

"वाचून दाखव."

"अगं, तुला पाठवलंय ना ते—"

"पाठवलेलं मी वाचलंय. तू वाचून दाखव. उभी राहून."

त्या उभ्याच होत्या. नवऱ्याने वही आणून समोर धरली. नोंदबाईंनी स्थळापासून सुरुवात केली. "नाही म्हणून सांगितलं" इथे अडखळल्या, थांबल्या, आणि ती ओळ पुन्हा पहिल्यापासून वाचली. "चूक आईची," असं वाचून गप्प झाल्या. आता अध्यक्षांनी विचारायचं असतं, पण अध्यक्ष काही बोलेनात, तेव्हा त्यांनीच विचारलं.

"काही दुरुस्ती?"

"एक आहे," ठकू म्हणाली. "झोपलेली असताना, असं लिहिलंयस तू. मी झोपले नव्हते, आई."

नोंदबाईंच्या डोळ्यांपुढे ती भिंतीकडे वळलेली पाठ आली. वीस मिनिटं न हललेली. म्हणजे तिने विचारलं होतं ते कळायला नव्हे. तिला कळलेलंच होतं.

"लिहून घे," ठकू म्हणाली. तिचं नाक चोंदलं होतं.

नवऱ्याने पेन्सिल दिली. नोंदबाईंनी ते दोन शब्द खोडले आणि समासात लिहिलं, ठकू जागी होती. अक्षर वाकडंतिकडं आलं. "लिहिलं," त्या म्हणाल्या, आणि वाट बघत राहिल्या. दोन हात उंच करून म्हटलेला तो एक शब्द त्यांना अजून तसाच आठवत होता.

ठकूने तो म्हटला नाही.

"पुढच्या रविवारी परत वाच," ती म्हणाली. "दुरुस्तीसह."